काशीमामांचा अंगठा

आमच्या घरी टायर म्हणजे सायकलचा टायर. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक काळी सायकल होती. तिच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांची पोती बांधून ते सायखेड्याहून नाशिकच्या बाजाराला जायचे. मागच्या टायरला तीन ठिकाणी चिरा. चिरेवर आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, वरून सुतळी आवळायची आणि निघायचं. सुतळी रस्त्याला घासून तुटली की ट्यूब फुग्यासारखी बाहेर यायची.

मी सहावीत असताना एकदा आई आणि मी एसटीने नाशिकला चाललो होतो. खिडकीतून मला आप्पा दिसले. रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून, गुडघ्यात टायर धरून बसलेले. आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो, मागे चालत आलो आणि तिघांनी मिळून पोती डोक्यावर घेतली. पोहोचलो तेव्हा बाजार उठला होता. मेथी पिवळी पडली होती. ती आप्पांनी नदीकाठी गाईंपुढे टाकली, हातपाय धुतले आणि म्हणाले, "चला." बस, एवढंच. नव्या टायरचा विषय त्या वर्षी दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा माझ्या वह्या-पुस्तकांपाशी येऊन थांबला.

आप्पा अंगठा लावतात. आईही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. नुसती गेलेली नाही, बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन, फर्स्ट क्लास. हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना यात काय सांगण्यासारखं आहे ते कळत नाही. नाही कळलं तरी चालेल.

पदवी हातात आल्यावर नोकरी मिळाली ती नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका टायरच्या दुकानात. काउंटरवर बसायचं, गिऱ्हाईकाशी बोलायचं, कॉम्प्युटरवर ऑर्डरी टाकायच्या. आप्पांना सांगितलं तेव्हा ते कधी नव्हे ते मोठ्याने हसले. "टायर काय आपली पाठ सोडत नाय," म्हणाले.

त्या दुकानात काशीमामा होते.

काशिनाथ हे त्यांचं नाव, पण शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे मामाच म्हणायचे. तीस वर्षांपासून फिटर. बुटके, खांद्यात रुंद, खाकी शर्टाच्या खिशात कायम पांढऱ्या खडूचा तुकडा. खिसा आतून पांढरा झालेला. आणि हाताचे अंगठे असे, की ते त्या हातांचे वाटायचेच नाहीत. चपटे, जाड, नखं वाकडी, कातडं टायरसारखंच. पहिल्या दिवशी मी त्यांच्या अंगठ्यांकडे बघितलं आणि मला आप्पांचा निळ्या शाईतला अंगठा आठवला. बँकेत, सोसायटीत, माझ्या शाळेच्या दाखल्यावर. मला तेव्हा त्या अंगठ्याची लाज वाटायची. खोटं कशाला सांगू?

मामांची रीत ठरलेली होती. गाडी आत आली की ते पाना उचलायचे नाहीत, जॅकला हात लावायचे नाहीत. आधी गाडीभोवती एक फेरी. प्रत्येक चाकापाशी वाकायचं, टायरच्या भिंतीवर जे उठावाचे आकडे असतात त्यांच्यावरून अंगठा फिरवायचा आणि आकडे मोठ्याने म्हणायचे. शाळेत हजेरी घेतात तसे. "एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा." मग त्या चाकापाशी फरशीवर खडूने तेच आकडे लिहायचे आणि पुढच्या चाकापाशी जायचं. चारी कोपऱ्यांत आकडे लिहून झाले की मगच काम सुरू.

बाकीचे दोन फिटर वैतागायचे. "मामा, चारी सारखेच असतात हो! एक वाचला की झालं."

"तुला चार लेकरं असती तर एकाचं तोंड बघून बाकीच्यांचा ताप मोजला असता का रे?" मामा वाकलेल्या स्थितीतूनच उत्तर द्यायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "वाकल्याबिगर गाडी बोलत नाय."

मलाही ते सगळं वेळकाढू वाटायचं. मी कॉम्प्युटरवाली. गाडीचं नाव टाकलं की माप पडद्यावर येतं. वाकायचं कशाला?

मग एक दिवस एक लांबट, काळी, परदेशी बनावटीची गाडी आली. मामा पुढच्या चाकापाशी वाकले. "दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, अठरा." मागच्या चाकापाशी वाकले. "दोनशे पंचावन्न, चाळीस, अठरा." मला वाटलं, म्हातारा चुकला. मी काउंटरवरून म्हणाले, "मामा, पुन्हा बघा. मागचा वेगळा कसा असेल?"

"या की हिकडं, मॅडमताई. बसल्या जागेवरून काय बघायचं?"

मी गेले. खरंच वेगळा होता. मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा चांगले तीन सेंटीमीटर रुंद. अशा सेटला इंग्रजीत स्टॅगर्ड म्हणतात. मामा 'दोन मापांची गाडी' म्हणायचे. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर असतो, म्हणून मागे पकड जास्त लागते, म्हणून मागचे रिमही रुंद आणि टायरही रुंद. हे टायर पुढचे मागे, मागचे पुढे असे फिरवता येत नाहीत. बदलायचे तर जोडी-जोडीने, आपापल्या मापाचे.

"रुंदी येगळी," मामा म्हणाले, "पण उंची बघा. उंची जुळाया पायजे. नायतर एक बैल मोठा, एक लहान. गाडी चालंल, पण वढाताण लय."

"उंची कशी बघणार?"

त्यांनी सुटा केलेला पुढचा टायर घेतला, त्याच्या कडेवर खडूने रेघ मारली, ती रेघ जमिनीला टेकवून फरशीवर खूण केली आणि टायर सरळ घरंगळवत नेला. रेघ पुन्हा जमिनीला टेकली तिथे दुसरी खूण. "हा ह्याचा एक फेरा." मग मागचा टायर, त्याच खुणेपासून. दोन फेऱ्यांच्या शेवटच्या खुणांमध्ये अर्ध्या बोटाचंही अंतर नव्हतं.

मी काउंटरवर जाऊन कागदावर गणित मांडलं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के त्याचा, तिसरा रिमचा व्यास इंचांत. पुढच्याची एकूण उंची आली ६५९.७ मिलिमीटर. मागच्याची ६६१.२. फरक दीड मिलिमीटर.

मी कागद नेऊन दाखवला. मामांनी तो हातात घेतला नाही, मला वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून ते इतके खूश झाले, की दोन्ही फिटरांना हाक मारली. "बगा रे, मी खडूनं काढलं ते ताईनं बसल्या बसल्या काढलं! दीड मिलिमीटर! ह्याला म्हणत्यात शिक्षण." कॉलेजात पदवीदान समारंभात माझ्या नावाला टाळ्या पडल्या होत्या, पण तिथे सगळ्यांच्याच नावाला पडत होत्या. ही वाहवा माझ्या एकटीची होती. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मामांच्या गोष्टी सांगायच्या तर किती तरी आहेत. डबा खायला ते टायरवर बसायचे, पण कायम जुन्या, उतरवलेल्या टायरवर. नव्या टायरवर कुणी बसलं की ओरडायचे, "ऊठ! त्याचं अजून लगीन व्हायचंय!" एकदा कॉलेजचा एक मुलगा आपल्या साध्या छोट्या गाडीला मागे रुंद टायर लावायचे म्हणून हटून बसला. मित्राच्या गाडीला आहेत, भारी दिसतात. मामांनी त्याला शांतपणे मागच्या चाकापाशी बसवलं, त्याचाच हात धरून टायर आणि पत्रा यांच्या फटीत घातला. "शिरतात का चार बोटं? दोन शिरली. आता तुझी आई आणि दोन पावणे मागं बसले, गाडी खाली दबली, की टायर पत्र्याला घासणार. आईला इचारून ये." मुलगा हसत गेला. तो अजून आमचं गिऱ्हाईक आहे.

आणि एक सवय. काम झालेली गाडी दुकानातून निघाली की मामा हात पुसत दारात यायचे आणि पाठमोऱ्या गाडीकडे बघत उभे राहायचे. ती रस्त्याला लागून द्वारकेच्या सिग्नलला वळेपर्यंत. कितीही गर्दी असो, दुसरी गाडी मागे हॉर्न वाजवत असो. मी विचारलं तर म्हणाले, "मागची चाकं सरळ पळतात का ते मागूनच कळतं. लेक सासरी चालल्यावर बाप पाठमोरीच बघतो ना?"

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. घरी ते आणि मामी. हे मला फार नंतर कळलं.

दोनेक वर्षांनी माझ्या लक्षात यायला लागलं, की मामा आकडे म्हणताना टायरकडे बघत नाहीत. अंगठा टायरवर, नजर समोर भिंतीवर. आधी वाटलं, सवय. मग एक दिवस एक टायर आला ज्याचे आकडे झिजून जवळजवळ सपाट झाले होते. मामांचा अंगठा त्याच्यावरून तीन वेळा फिरला. मग त्यांनी मला हाक मारली. "ताई, हितं ऊन लय पडतंय, डोळ्यावर येतंय. जरा वाच बरं."

तिथे ऊन नव्हतं. शेडच्या आत, मागच्या भिंतीपाशी होतो आम्ही.

मी वाचलं. ते खडूने लिहायला वाकले आणि आकडे आधीच्या गाडीच्या आकड्यांवरच लिहिले. आपण काय केलं ते त्यांना कळलं नाही. मला कळलं.

दुपारी ते डबा खायला बसले तेव्हा मी शेजारच्या टायरवर जाऊन बसले. जुन्याच. "मामा, किती दिवस झाले?"

त्यांनी भाकरीचा घास हातात धरला. "साखर हाय ना. डोळ्याच्या मागं रगत उतरतंय म्हणे. सुई मारतात डोळ्यात. एक गेल्यासारखाच हाय. दुसऱ्यानं धुकं दिसतं."

"शेठला माहीत आहे?"

"नको सांगू गं पोरी." पहिल्यांदा पोरी म्हणाले. "हिला, मामीला बी पुरतं ठाऊक नाय. माझा अंगठा हाय अजून. अंगठ्याला दिसतंय. घरी बसलो तर मी आंधळा होईन. हितं हाय तवर मी फिटर हाय."

मी शब्द दिला. आणि तो पाळलाही, माझ्या मते. त्यानंतर झिजलेला टायर आला की मीच काही तरी निमित्त काढून काउंटरवरून उठायचे आणि मामांच्या आधी मोठ्याने वाचायचे. मामा खडूने लिहायचे. आमची जोडी चांगली चालली. वर्षभर कुणाला काही कळलं नाही.

त्याच सुमारास शेठने मला मॅनेजर केलं. माझ्या नावाची पाटी काउंटरवर ठेवली. नावाच्या खाली बी.एस्सी. असं लिहायला मीच सांगितलं. आप्पा येऊन बघून गेले. पाटीवरून त्यांनी बोटं फिरवली आणि विचारलं, "ह्यातलं तुझं नाव कुठलं?"

त्या आठवड्यातली गोष्ट. मामा त्या दिवशी सुट्टीवर होते. शेठला लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं, गेले होते डोळ्याच्या दवाखान्यात. दुपारी एक डॉक्टर गाडी घेऊन आले. लहान मुलांचे डॉक्टर, पन्नाशीचे, बोलायला गोड. पांढरी, त्याच काळ्या गाडीच्या कंपनीची, जुनी विकत घेतलेली गाडी. चारी टायर बदलायचे होते. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन इगतपुरीला बहिणीकडे जायचं होतं. त्या कंपनीच्या गाड्या दोन्ही तऱ्हेच्या येतात: काहींना चारी टायर सारखे, काहींना मागे रुंद. जुन्या गाडीला तर आधीच्या मालकाने काय बसवलंय याचा भरवसाच नसतो. म्हणून प्रत्येक चाक बघायचं असतं. हे मला पक्कं माहीत होतं.

गाडीचं पुढचं चाक काउंटरच्या समोर होतं. मी उभ्या उभ्या वाचलं: दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, अठरा. मागचं चाक पाण्याच्या डबक्यात होतं. आदल्या रात्रीचा पाऊस. माझ्या अंगावर नवा पांढरा कुर्ता होता, मॅनेजर झाले म्हणून घेतलेला. मी मागच्या चाकाकडे नुसतं बघितलं, वरून. वाकले नाही.

चारी टायर एकाच मापाचे मागवले.

टायर चार दिवसांनी आले. डॉक्टर गाडी घेऊन आले, शेठ स्वतः त्यांच्याजवळ बसून चहा घेत होते. मोठी गाडी, मोठं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निघायचं होतं. मामांनी फेरी सुरू केली. पुढचं चाक. "दोनशे पंचवीस." दुसरं पुढचं. "दोनशे पंचवीस." मागच्या चाकापाशी वाकले. अंगठा फिरला, थांबला, पुन्हा मागे आला. "दोनशे पंचावन्न, चाळीस, अठरा." मग त्यांनी नव्या टायरांच्या चवडीवरून हात फिरवला आणि सरळ उभे राहिले.

"शेठ, मागचे टायर चुकीचे आलेत."

डबक्यातलं चाक मला तेव्हाच आठवलं. त्याच क्षणी मी जाऊन वाकायला हवं होतं. एक मिनिटाचं काम होतं. मी काउंटरवर हात ठेवून उभी राहिले.

शेठ म्हणाले, "मामा, मॅडमनी बघून मागवलेत. चारी सारखेच आहेत."

"नाय शेठ. दोन मापांची गाडी हाय."

"मग चारी सारखे बसवले तर काय बिघडतं?" डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत विचारलं. "उलट चारी सारखे असले तर फिरवता येतील की."

शेठने माझ्याकडे बघितलं. आणि मी काय बोलले ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते लपवलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "उंची जुळते आहे, सर. फरक फक्त दीड मिलिमीटर."

ते गणित. मामांनी ज्याचं कौतुक केलं होतं तेच.

मामांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "ताई, उंची जुळली म्हंजी झालं का? पाय रुंद आणि चप्पल अरुंद. मागचं रिम रुंद हाय, त्याच्यावर हा टायर ताणून बसंल. सगळा जोर मागं, आणि मागंच पकड कमी. वल्या घाटात वळणावर मागचा भाग आधी सुटंल. डागदरांची आई हाय गाडीत. मी नाय चढवणार."

तीस वर्षांत मामांनी शेठला 'नाय' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईकासमोर तर नाहीच. शेठचा चेहरा लाल झाला. ते उठले. "मागचा टायर दोनशे पंचावन्न आहे म्हणता ना? वाचून दाखवा."

मामा वाकले, अंगठा नेला.

"अंगठा काय लावता? वाचा!"

मामा थांबले. शेठ तसे दुष्ट नाहीत. मला वाटतं, त्यांनाही काही दिवसांपासून शंका असावी. त्यांनी कपाटाशेजारचा एक सुटा टायर उचलून मामांच्या पुढ्यात दोन हातांवर धरला. "हा सांगा. किती आहे?"

दुकानात कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता, तो कुणी तरी बंद केला. मामा त्या टायरकडे बघत उभे. मग हळूच म्हणाले, "हात लावू द्या, शेठ."

"मामा, तुम्हाला दिसत नाही?"

मामा खिशातला खडू चाचपत राहिले.

तेव्हा मी हलले. गाडीच्या मागच्या चाकापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि मोठ्याने वाचलं. "दोनशे पंचावन्न, चाळीस, अठरा. मामा बरोबर आहेत. चूक माझी आहे. मी मागचं चाक बघितलंच नव्हतं."

शेठने टायर खाली ठेवला. "ते ठीक आहे. टायर बदलून मागवू." मग मला विचारलं, "मामांना दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

मी दोन मिनिटं आधी वाकले असते तर मामांना कुणी वाचायला सांगितलंच नसतं. ती दोन मिनिटं मी कितीदा मोजली आहेत, सांगता येत नाही. मामांचं बरोबर होतं आणि ते बरोबर होते म्हणूनच त्यांचं काम गेलं.

शेठने अपमान केला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामा, जॅकवरची गाडी, मशीनवरचं रिम, हात जायचा एखादा. आता आराम करा." मामांनी मान डोलवली. अंगावरचा खाकी शर्ट झटकला आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल त्यांच्या पायापाशीच होती. मी सरकवली. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

मागचे योग्य टायर यायला तीन दिवस लागले. डॉक्टरांची इगतपुरी पुढे ढकलली गेली. ते कुरकुरले, पण थांबले. टायर आले त्या सकाळी मी रिक्षा करून मामांच्या घरी गेले. मामीने दार उघडलं. मी म्हणाले, "मामा, ती गाडी तुम्ही चढवायची आहे."

"शेठ?"

"शेठशी मी बोलले. मी मॅनेजर आहे ना?" बोलले होते खरं. शेठ म्हणाले होते, "तुमच्या जबाबदारीवर."

मामा आले. फेरी झाली. या वेळी प्रत्येक चाकापाशी मीही त्यांच्याबरोबर वाकले. मी वाचायचं, त्यांनी अंगठा फिरवून हुं म्हणायचं. मशीन दुसऱ्या फिटरने चालवलं, पण प्रत्येक चाक गाडीला लावताना नट मामांनी हाताने फिरवले, आणि रुंद मागे, अरुंद पुढे याची खात्री अंगठ्याने केली. त्याआधी नवे टायर फरशीवर घरंगळवून एक एक फेराही बघितला होता. गरज नव्हती. पण कुणी काही म्हणालं नाही.

गाडी निघाली तसे ते हात पुसत दारात येऊन उभे राहिले. तोंड रस्त्याकडे. थोड्या वेळाने हळू आवाजात विचारलं, "मागून कशी दिसतीया?"

"सरळ चाललीय, मामा. मागची जोडी भरून दिसतेय."

"वळली?"

"सिग्नलला थांबलीय." मी थांबले. "आता वळली."

"हं," म्हणाले. खिशातला खडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि गेले. शेठला नमस्कार करायचं विसरले, मग अर्ध्या वाटेवरून परत आले, नमस्कार केला आणि पुन्हा गेले.

पुढे मी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जायचे. दुसरा डोळाही गेला. ते म्हणाले होते तसंच झालं. घरी बसले आणि आंधळे झाले. बोलणं कमी झालं. मामी म्हणायची, "दिवसभर बसल्या जागी उंबऱ्यावरून अंगठा फिरवत राहतात." मी एकदाच हिंमत करून म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी लगेच वाकले असते तर..." त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "पोरी, वाकलीस ना? शेठसमोर, गिऱ्हाईकासमोर. मॅनेजर असून. आणखी काय पायजे?" ते मला माफ करत होते की समजूत घालत होते, मला ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

गेल्या वर्षी मी गाडी घेतली. छोटी, जुनी, पण चारचाकी. पहिल्यांदा सायखेड्याला नेली, आप्पा-आईला बसवलं आणि परत येताना मामांकडे नेली. मामी त्यांचा हात धरून बाहेर घेऊन आली. मामांनी हात सोडवून घेतला. बोनेटला हात लावून ते गाडीभोवती निघाले. पुढच्या चाकापाशी वाकले, गुडघे कडकडा वाजले. अंगठा फिरला. "एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा." मी खडू त्यांच्या हातात दिला. त्यांचाच तो, दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला, नखाएवढा उरलेला. त्यांनी अंगणातल्या फरशीवर आकडे लिहिले, वाकडे, एकमेकांवर चढलेले. मग दुसरं चाक, तिसरं, चौथं. आप्पा मागच्या सीटवरून हे सगळं बघत होते. चौथ्या चाकापाशी मामा उठले.

"चारी सारखे," म्हणाले. "एका मापाचे. शाणी हायस."

आम्ही निघालो. गल्लीच्या टोकाला वळण आहे. आरशात मला मामा दिसत होते. दारात, हात पुसल्यासारखे करत, रस्त्याकडे तोंड करून उभे. त्यांना गाडी दिसत नव्हती, वळण दिसत नव्हतं, वळली का ते सांगायला मी शेजारी नव्हते. मी वळणाच्या अलीकडे गाडी जरा हळू केली. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." वळले तेव्हाही ते तसेच उभे होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात मामा गेले.

सायखेड्याच्या आमच्या दारात आता चारचाकी उभी राहते, आणि तिचे चारही टायर मी स्वतः वाकून वाचून घेतलेले आहेत.